हिवाळा उबदार राहील

माझं काम सकाळी सातला सुरू होतं. गोंदियाजवळच्या फुलचूरमधल्या घरून शेतकी केंद्र स्कुटीवर पंधरा मिनिटांवर आहे. केंद्राच्या मागे, धानाच्या बांध्या संपतात तिथे, तारेचं कुंपण घातलेला एक चौकोन आहे. त्यात झडपांची एक पांढरी लाकडी पेटी चार पायांवर उभी आहे, पाऊस मोजायचं भांडं आहे, वाऱ्याची दिशा दाखवणारा बाण आहे. पेटीत तापमापक आहेत. ते सकाळी सातला आणि दुपारी दोनला वाचायचे, वहीत लिहायचे आणि वर कळवायचे. आठवड्यातून दोनदा पुढच्या पाच दिवसांचा अंदाज वरून येतो. त्यावरून आमचे साहेब आणि मी शेतकऱ्यांसाठी पत्रक तयार करतो. हे मी वीसेक वर्षं करते आहे.

गल्लीत माझी ओळख 'मौसमवाल्या मॅडम' अशीच आहे. कोणाच्या घरी लग्न असलं की पत्रिकेसोबत प्रश्न येतो, पाणी तर नाही येणार ना? हिवाळ्यात मात्र लोक प्रश्न विचारत नाहीत, आकडा विचारतात. विदर्भात सगळ्यात कमी तापमान गोंदियाचं असलं की आमच्या शहराला उगाच बरं वाटतं. पानठेल्यावर हात चोळत उभी असलेली माणसं मला थांबवून म्हणतात, "मॅडम, आज नागपूरपेक्षा कम है ना अपना?" हो म्हटलं की खूश होतात. इतकी वर्षं मलाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. नोव्हेंबरच्या शेवटी तीन महिन्यांचा अंदाज आला. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात आमच्या भागातल्या रात्री सरासरीपेक्षा थोड्या उबदार राहण्याची शक्यता जास्त, असं त्यात होतं. तो घेऊन साहेब आणि मी चोरखमाऱ्याच्या तलावाकडच्या एका गावात गेलो. उन्हाळी धान कोण लावणार, तलावाचं पाणी किती मिळणार, लावणीच्या रोपांचे पऱ्हे कधी टाकायचे, असं बोलायचं होतं. शाळेच्या व्हरांड्यात चाळीसेक माणसं जमली होती. मळणी चालू होती, त्यामुळे कित्येकांच्या केसांत धानाचा भुसा तसाच होता. साहेब पऱ्ह्यांवर बोलले, मी हवामानावर.

माझं बोलणं संपल्यावर मागे खांबाला टेकून बसलेला एक म्हातारा उठला. अंगात वनखात्याचा जुना खाकी स्वेटर, कोपरांवर ठिगळं.

"मॅडम, एक इचारू का?"

"विचारा ना, बाबाजी."

"तुमी तीन महिन्याचं सांगून राहिले. आमाले इतलंच सांगा, यंदा थंडी पडन का नाही?"

"यंदा रात्री नेहमीपेक्षा जरा गरम राहायची शक्यता जास्त आहे."

"मंजे थंडी नाही."

"कमी."

"मंग हिवारा गरमच म्हना ना."

बाहेर गाडीवाला हॉर्न वाजवत होता. आम्हाला अजून एका गावात जायचं होतं, साहेब उभे राहिले होते आणि माझ्या हातात कोणीतरी चहाचा ग्लास दिला होता.

"हो, तसंच समजा," मी म्हणाले.

तसं समजायचं नसतं, हे मला चांगलं ठाऊक होतं. तीन महिन्यांचा अंदाज म्हणजे नव्वद रात्रींची मिळून एक गोष्ट. त्या नव्वदांत चार रात्री दात वाजवणाऱ्या निघाल्या, तरी बाकीच्या उबदार असल्या तर अंदाज बरोबरच ठरतो. हे सांगायला दोन मिनिटं लागली असती. मी चहा संपवला आणि गाडीत बसले. निघताना पत्रकं वाटली. पत्रकावर खाली माझा मोबाइल नंबर असतो.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी, मी नुकतीच वही मिटली होती, फोन वाजला.

"मॅडम, मी त्या दिवशीचा. खाकी सेटरवाला. आज किती?"

मी आकडा सांगितला.

"हं," तो म्हणाला. "मी एकानं कमी धरलं होतं."

आणि फोन ठेवला. दोन दिवसांनी पुन्हा आला. मग एक-दोन दिवसांआड येऊ लागला. तो आधी स्वतः आकडा धरायचा, मग मला विचारायचा. त्याचा अंदाज फारसा चुकत नसे, याचं मला नवल वाटे. हळूहळू कळलं, तो तीस वर्षं वनमजूर होता. उन्हाळ्याआधी जंगलात जाळरेषा मारायच्या, म्हणजे गवताचा लांब पट्टा मुद्दाम जाळून ठेवायचा, की पुढे वणवा लागला तर आग तो पट्टा ओलांडत नाही. हे काम वाऱ्याचं भान असल्याशिवाय जमत नाही. थंडीबद्दल त्याचा हिशेब चुलीच्या धुरावर चाले.

"सांजेले धूर सिदा वर गेला तं काही नाही," तो म्हणाला. "गावावर चादरीसारका पसरून बसला, का समजा थंडी आली."

आमच्या पुस्तकातही हेच लिहिलं आहे, फक्त अवघड शब्दांत, असं मी सांगितलं. त्यावर त्यानं मला ते अवघड शब्द दोनदा म्हणायला लावले. खूश झाला असावा.

डिसेंबर खरोखरच उबदार चालला होता. ढग येत, जात. महिन्याच्या मध्यावर एकदा त्यानं फोनवर सांगितलं, "यंदा पोरीकडं नाही जाऊन राहिलो. तुमच्या फुलचूरलेच राहाते ते."

"अरे, मग या की. माझ्याकडेही चहाला या."

"कायले? यंदा हिवारा गरम आहे ना. तुमीच तं सांगतलं."

मी हसले. म्हातारी माणसं कुठे जायचं टाळताना काहीही कारण पुढे करतात, तसंच काहीतरी मला वाटलं. मुलीकडे जाण्याचा आणि थंडीचा काय संबंध, हे मी विचारलं नाही. त्या फोनकडे मी नंतर कितीदा मागे वळून गेले असेन, सांगता येत नाही.

जानेवारीच्या सुरुवातीला दोन दिवस रिमझिम झाली आणि एका सकाळी आभाळ धुतल्यासारखं निळं झालं. वारा उत्तरेकडून वाहू लागला. पुढचे पाच दिवस रात्री झपाट्यानं गार होणार, असा अंदाज शुक्रवारी आला. आम्ही पत्रक काढलं. उन्हाळी धानाच्या पऱ्ह्यांना संध्याकाळी पाणी द्या, सकाळी ते काढून टाका, रात्री वरून प्लास्टिक झाका. जनावरांना गोठ्यात बांधा. कोंबड्यांच्या खुराड्याला पोती लावा. माणसांबद्दल त्यात एक शब्द नव्हता. तशी पद्धतच नव्हती. आणि त्या म्हाताऱ्याकडे ना उन्हाळी धान होतं, ना पऱ्हे, त्यामुळे शेतकऱ्यांच्या ज्या ग्रुपवर हे पत्रक जाई, त्यात तो नव्हताच.

शनिवारची रात्र गार गेली आणि रविवारी सकाळी तापमान एका आकड्यात उतरलं. सोमवारी आणखी खाली. पानठेल्यावर आनंदीआनंद होता. सोमवारी दुपारी माझ्या लक्षात आलं, की शनिवारपासून त्याचा फोन नाही. आपणच करावा असं मनात आलं. तेवढ्यात ऑफिसात कोणी आलं, आणि ते राहून गेलं.

मंगळवारी सकाळचं वाचन करून, एक विसरलेला कागद घ्यायला घरी आले, तर फाटकाशी एक बाई उभी होती. पस्तिशीची असेल. साडीवर स्वेटर, डोक्याला स्कार्फ, हातात डब्याची पिशवी.

"तुम्हीच का त्या मौसमवाल्या मॅडम?"

"हो."

"माझे बाबा तुम्हाला फोन करतात. चोरखमाऱ्याकडचे."

"हो, हो. कसे आहेत? दोन-तीन दिवसांत फोन नाही त्यांचा."

"दवाखान्यात आहेत. कालपासून ऑक्सिजन लावून आहे."

मी तिला आत बोलावलं. ती आली नाही. फाटकाच्या बाहेरूनच बोलत राहिली, आवाज न चढवता, पण एकही शब्द न गिळता.

"थंडीत त्यांची छाती भरते. डॉक्टरनं साफ सांगून ठेवलं आहे, डिसेंबर-जानेवारी गावात ठेवायचं नाही. तीन वर्षं झाले, मी त्यांना इथे घेऊन येते. यंदा दोनदा घ्यायला गेली. ऐकेचना. म्हणे, मॅडमनं सांगितलं, हिवाळा गरम आहे. तुमचा कागद दाखवला मला. भिंतीला चिटकवून ठेवला आहे त्यांनी. कागदावर लिहिलं आहे म्हटल्यावर मी तरी काय बोलणार? सोमवारी पहाटे श्वासच घेता येईना. शेजाऱ्याच्या गाडीत टाकून आणलं आईनं." ती थांबली. "काऊन बोलले तुम्ही तसं?"

तो तीन महिन्यांचा अंदाज असतो, ती सरासरी असते, असं काहीतरी माझ्या तोंडातून बाहेर पडू लागलं. तिच्या हातातली डब्याची पिशवी पाहिली आणि मी बोलायचं थांबवलं.

"चुकलं माझं," मी म्हणाले. "मी त्यांना नीट सांगायला पाहिजे होतं."

तिला बहुतेक मी वाद घालीन असं वाटलं होतं. तिनं डब्याची पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

"मला भांडायचं नव्हतं," ती म्हणाली. "डबा द्यायला चालली होती. तुमचं घर रस्त्यातच आहे. मनात होतं ते बोलून टाकलं."

ती गेली. तिचं घर माझ्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे आहे, हेही मला तेव्हाच कळलं.

दुपारचं वाचन करून मी दवाखान्यात गेले. म्हातारा भिंतीकडच्या खाटेवर अर्धवट बसला होता, पाठीला दोन उशा, तोंडावर मास्क. मला पाहून त्यानं एक हात किंचित उचलला. खाटेच्या पायथ्याशी स्टुलावर त्याची बायको बसली होती. लहानखुरी, दोन्ही हातांवर कोपरापर्यंत गोंदण, पदर डोक्यावरून घट्ट घेतलेला. तिनं मला जागा करून दिली आणि स्वतः खाली बसली. मी नको म्हणत असतानाच बसली.

थोडा वेळ आम्ही मुलीबद्दल, डॉक्टरांबद्दल बोललो. मग मी म्हणाले, "मावशी, हे माझ्यामुळे झालं."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "तुमच्यामुरं?"

"मी सांगितलं होतं ना, हिवाळा गरम आहे म्हणून."

"सांगतलं आसन," ती म्हणाली. "शनवारी सांजेले धूर गावावर बसला. यानंच मले अंगनात बलावून दाखवला. म्हने, पाय, आता पडन. मी म्हनलं, मंग चला पोरीकडं, सकारच्या गाडीनं. तं म्हने, कायले, मॅडमनं सांगतलं आहे, हिवारा गरम आहे." तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तो डोळे मिटून होता. "त्याले मालूम होतं, मॅडम. त्याले जायचंच नव्हतं. तुमचा कागद त्याच्या कामी आला."

मास्कमुळे त्याचा चेहरा वाचता येईना. पण तो झोपला नव्हता, कारण बायकोचं बोलणं संपल्यावर त्यानं मान दुसरीकडे वळवली.

घरी येताना मला हलकं वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही. त्यानं आपल्या डोळ्यांनी थंडी येताना पाहिली होती, माझ्या शब्दावर तो फसला नव्हता. पण माझ्याकडून नीट वाक्य गेलं असतं, तर हे कारण त्याला मिळालं नसतं. दुसरं मिळालं असतं कदाचित. या दोन गोष्टी मी बरेच दिवस आलटूनपालटून मनात घोळवल्या आणि शेवटी दोन्ही तशाच राहू दिल्या.

आठवडाभरानं त्याला सोडलं. थंडी सरेपर्यंत फुलचूरलाच ठेवायचं असं ठरलं. पुढच्या रविवारी मी उकडलेले शिंगाडे घेऊन मुलीच्या घरी गेले. तिनं दार उघडलं, शिंगाड्यांची पिशवी पाहिली आणि ती म्हणाली, "वर गच्चीवर आहेत. चहा टाकते."

म्हातारा उन्हात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला होता. कानांना मफलर. अंगात तोच खाकी स्वेटर. आवाज बसला होता, पण बोलणं पूर्वीसारखंच.

"राग आला का, मॅडम?"

"मला कशाला राग येईल?"

"तुमचं नाव सांगून मी घरी बसलो."

"राग नाही. पण छातीचं मला सांगायला पाहिजे होतं तुम्ही."

"सांगतलं असतं तं तुमी म्हनलं असतं, जा."

"म्हटलं असतंच."

"म्हनूनच नाही सांगतलं."

आम्ही शिंगाडे सोलत बसलो. थोड्या वेळानं मी विचारलं, मुलीकडे यायचं इतकं जिवावर का येतं? त्यानं खाली जिन्याकडे पाहिलं, ती वर येत नाही ना म्हणून.

"पोरगी चांगली आहे. जवाई चांगला आहे. खायले-प्यायले कमी नाही," तो म्हणाला. "पन इथी मी पाहुना. दोन महिने कोनी पाहुना राहाते का? गावात आता मले काम नाही, तरी सकारी उठलो का रानाकडं पाहाते, वारा पाहाते, धूर पाहाते. आज काय होईन, उद्या काय होईन, मनात धरते. इथी सबन घरात गॅस. धूरच नाही. उद्याचं कोनाले इचारलं तं मोबाइलमंदी पाहून सांगते. मंग मी काऊन आहो, असं वाटते."

मी सोललेले शिंगाडे त्याच्यापुढे सरकवले. चहा आला. तो पिऊन झाल्यावर मी मुलीला विचारलं, दुपारच्या उन्हात तुझ्या बाबांना माझ्यासोबत केंद्रावर नेलं तर चालेल का? ती स्कुटीला नाही म्हणाली, हवा लागेल. ऑटोनं नेईन, असं म्हटल्यावर तयार झाली.

दुसऱ्या दिवशी पावणेदोनला आम्ही पोचलो. कुंपणाच्या फाटकाशी त्यानं चपला काढल्या. काढायची गरज नाही असं मी सांगितलं, तरी घातल्या नाहीत. आधी बाहेरून एक चक्कर मारली, मग आत आला. वाऱ्याचा बाण पाहून मान डोलावली. पावसाचं भांडं त्याच्या परिचयाचं होतं, वनखात्याच्या नाक्यावर तसं एक होतं म्हणाला. पेटी मी उघडून दाखवली. आतले तापमापक त्यानं हात न लावता, वाकून, बराच वेळ पाहिले.

"हे पेटी इतकी उंच कायले?"

"सगळीकडे एवढ्याच उंचीवर ठेवतात. म्हणजे इथला आकडा आणि नागपूरचा आकडा शेजारी ठेवून पाहता येतो."

"बराबर आहे," तो म्हणाला. जरा थांबून म्हणाला, "पन मी तं खाली झोपते."

"खाली म्हणजे?"

"जमिनीवर. पोतं अन् सतरंजी टाकून."

मी त्याला कुंपणाच्या कोपऱ्यात नेलं. तिथे गवतावर, दोन बुटक्या आधारांवर आडवा ठेवायचा एक तापमापक असतो. सकाळी वाचून झाल्यावर मी तो उचलून आत ठेवते. त्या दिवशी मुद्दाम आणून जागेवर ठेवला.

"हा गवताजवळची थंडी मोजतो," मी सांगितलं. "रात्री आभाळ साफ असलं की सगळी थंडी खाली येऊन बसते. मग सकाळी हा पेटीतल्या आकड्यापेक्षा खाली असतो. कधी कधी बराच खाली."

"मंग कागदावर कोनता लिहिता?"

"पेटीतला."

तो उकिडवा बसून त्या काचेच्या नळीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "आमाले हा सांगत जा."

इतकी वर्षं मी गवतावरचा आकडा वहीत त्याच्या रकान्यात लिहीत आले होते. तो वर जाई आणि तिथे राही. खाली झोपणाऱ्या एकाही माणसाला मी तो कधी सांगितला नव्हता. कोणी मागितलाही नव्हता, हे खरं, पण असा आकडा असतो हे त्यांना कुठून कळणार? त्याचं गावही डोंगराच्या पायथ्याच्या खोलगटात. तिथली पहाट आमच्या केंद्रापेक्षा नक्कीच जास्त बोचत असणार.

मुलीला मी त्याच संध्याकाळी त्याच्या जमिनीवर झोपण्याचं सांगितलं. तिला वाटत होतं बाबा खाटेवर झोपतात. खाट होती, पण तिच्यावर धानाची पोती रचून ठेवली होती. आठ दिवसांत तिनं नवऱ्याकरवी गावी दुसरी खाट पोचवली आणि आईला फोनवर बजावलं, हिच्यावर काही ठेवायचं नाही.

ऑफिसात मी साहेबांपुढे विषय काढला. थंडीच्या पत्रकात माणसांसाठीही लिहू या, असं म्हणाले. म्हाताऱ्यांना, दम्याच्या माणसांना जमिनीवर झोपवू नका, पहाटे बाहेर पाठवू नका, बंद खोलीत शेगडी ठेवू नका, एवढंच.

"मॅडम, आपलं काम पिकांचं," साहेब म्हणाले. "आरोग्याचं खातं वेगळं आहे. उद्या कोणी विचारलं तर उत्तर मला द्यावं लागतं."

"कोंबड्यांसाठी दोन ओळी असतात, सर."

ते चष्मा पुसत राहिले. माणूस वाईट नाही. नियमाबाहेर एक पाऊल टाकायला त्यांना वेळ लागतो, इतकंच.

"एक ओळ," शेवटी म्हणाले. "तीही शेवटी."

एक ओळ मिळाली. तिच्यात जेवढं बसवता येईल तेवढं मी बसवलं. गवतावरचा आकडा पत्रकात घ्यायला मात्र ते राजी झाले नाहीत. लोकांचा गोंधळ होईल म्हणाले. यावर आमचं अजून एकमत नाही. फोनवर कोणी विचारलं तर मी दोन्ही सांगते.

पुढच्या नोव्हेंबरात तीन महिन्यांचा अंदाज पुन्हा जवळपास तसाच आला. त्या गावात पुन्हा गेलो, त्याच व्हरांड्यात. या वेळी मी आधीच गाडीवाल्याला सांगून ठेवलं होतं, हॉर्न वाजवायचा नाही. अंदाज वाचून दाखवला आणि मग म्हणाले, "पोतंभर तांदूळ चांगला आहे असं दुकानदारानं सांगितलं, म्हणून कोणी तो न निवडता शिजवत नाही. एखादा खडा असतोच. हा हिवाळा तसा आहे. पोतं चांगलं आहे असं मी सांगते आहे, खडा नाही असं नाही सांगत. खडा केव्हा येतो ते चार-पाच दिवस आधी कळतं. तेव्हा मी ग्रुपवर टाकीन. ज्यांच्याकडे फोन नाही, त्यांना शेजाऱ्यांनी सांगायचं."

बायका हसल्या. म्हातारा खांबाशी नव्हता, या वेळी पुढे बसला होता. त्यानं काही विचारलं नाही. सभा संपल्यावर मात्र तीन-चार जणांना पुन्हा समजावून सांगताना मी त्याला ऐकलं. माझ्यापेक्षा छोटं आणि माझ्यापेक्षा चांगलं सांगत होता.

डिसेंबरात तो स्वतःहून फुलचूरला आला. दोन अटी घालून. मळणी आटोपली की बायकोनंही यायचं, आणि दुपारी दोनला मी त्याला केंद्रावर न्यायचं. मुलीनं दोन्ही मान्य केल्या. तेव्हापासून प्रत्येक हिवाळ्यात हे असंच चालतं. तो पेटीत पाहून आकडा मोठ्यानं म्हणतो, मी स्वतः पाहून वहीत लिहिते. आमच्यात आकड्यावरून वाद झाला तर खरा माझा धरायचा, असं ठरलं आहे. असा वाद वर्षातून दोनदा तरी होतोच. त्याची छाती पूर्ण बरी झालेली नाही आणि होणारही नाही. पण पुन्हा दवाखान्यात ठेवावं लागलेलं नाही. मुलीची नि माझी आता रोजची ओळख आहे. माझ्याशी तशी बोलल्याबद्दल तिनं कधी माफी मागितली नाही आणि मागायचं काही कारणही नव्हतं.

गेल्या महाशिवरात्रीला त्यांनी मला आमच्या जिल्ह्यातल्या प्रतापगडच्या यात्रेला सोबत नेलं. जावयानं गाडी केली होती. थंडी ओसरली होती, दुपार चांगलीच तापली होती. गडाच्या पायथ्याशी माणसांचा नुसता लोंढा होता, महादेवाला जाणारे आणि दर्ग्याला जाणारे एकाच वाटेनं चढत होते. म्हाताऱ्याला चढणं शक्य नव्हतं, माझे गुडघे दुखतात. मावशी, मुलगी आणि जावई वर गेले. आम्ही दोघं एका मोहाच्या झाडाखाली बसलो.

समोरच्या टेकडीवर वनखात्याची माणसं जाळरेषा मारत होती. इतक्या लांबून धुराची एक बारीक रेघ आणि तिच्यामागे काळा पडत जाणारा पट्टा, एवढंच दिसत होतं. म्हातारा बराच वेळ ते पाहत होता.

"खालून लावली पाहिजे होती," तो म्हणाला.

"का?"

"वारा आता फिरन. सांजेले वरून खाली येते. मंग या पोरायले धावा लागन."

आम्ही दोघंही तिकडे पाहत बसलो. तासाभरात धुराची रेघ हळूहळू वाकली आणि टेकडीवरून खाली उतरू लागली. लहान लहान ठिपक्यांसारखी माणसं लगबगीनं पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाकडे निघाली. डहाळ्यांनी आपटून त्यांनी आग विझवली. काही बिघडलं नाही. त्यानं मात्र ती पूर्ण विझेपर्यंत नजर हटवली नाही. मी पाणी पुढे केलं, ते हातात धरून ठेवलं, प्यायला नाही.

मग गर्दीतून मावशी येताना दिसली, कपाळभर गुलाल, एका हातात चपला, दुसऱ्या हातात पुडी. मुलगी आणि जावई मागे राहिले होते, ती त्यांच्यापुढे भराभर उतरत होती. आमच्याजवळ येऊन धापा टाकत बसली. नवऱ्याच्या हातातलं पाणी घेऊन घटाघटा प्यायली आणि पुडी सोडून फुटाणे आम्हा दोघांच्या हातांवर ठेवले.

"वर लई हवा आहे," ती म्हणाली. "तुमी आले असते तं चांगलं झालं असतं."